स्त्रियांच्या एक्स-रे, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीतील फसव्या सावल्या: ओळखाव्यात कशा, टाळाव्यात कशा

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकारी विचारतात: क्षयरोग शोधमोहिमेच्या शिबिरात २६ वर्षांच्या एका बाळंतिणीच्या छातीचा एक्स-रे काढला. संगणकीय वाचनाने उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी संशयास्पद सावली दाखवली. थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत, पण तोवर घरच्यांनी तिची भांडी वेगळी केली होती आणि तान्हे बाळ तिच्यापासून दूर ठेवले होते. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला एक्स-रे स्वच्छ निघाला. अशी फसगत आमच्याच पातळीवर कशी ओळखता येईल, आणि महिला तंत्रज्ञ नसताना, दागिने उतरवायला बायका राजी नसताना ती कशी टाळता येईल?

डॉक्टर, आपण पाठवलेल्या दोन्ही प्रतिमा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या प्रतिमेतील सावली तिच्या वेणीची आहे. घट्ट विणलेली, तेल लावलेली किंवा नुकतीच न्हाऊन ओली राहिलेली वेणी खांद्यावरून पुढे आली, की फुप्फुसाच्या वरच्या टोकावर नेमकी अशीच सावली पडते, आणि क्षयरोगाची आवडती जागाही तीच असल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार क्षयाचाच येतो. ती ओळखण्याची खूण मात्र प्रतिमेतच असते. फुप्फुसातील विकार फुप्फुसाची हद्द ओलांडत नाही, वेणीची सावली ओलांडते. क्लॅव्हिकलच्या, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या, वर मानेच्या मऊ भागात तिचा माग काढला तर ती पुढे चालू राहिलेली दिसते, तिच्यात केसांच्या बटांच्या समांतर रेघा असतात, बटांमध्ये अडकलेल्या हवेच्या बारीक काळ्या फटी असतात, आणि कधी कधी टोकाला रबरबँडचे वेढेही दिसतात. आपल्या रुग्णाच्या प्रतिमेत मानेकडे जाणाऱ्या या रेघा स्पष्ट आहेत. संगणकीय प्रणालीला त्या दिसल्या नाहीत याचे आश्चर्य वाटायला नको. अशी प्रणाली संशयाचा गुणांक देते, सावली शरीरातली की शरीरावरची हे ठरवण्याचे काम तिच्यावर सोडता येत नाही. हातात धरता येणारी यंत्रे घेऊन गावोगाव तपासणी होते तिथे तर ही जबाबदारी अधिकच माणसांवर येते, कारण अंगणवाडीच्या किंवा समाजमंदिराच्या व्हरांड्यात कपडे बदलायला आडोसाच नसतो आणि प्रतिमा अंगावरच्या कपड्यांनिशीच निघतात.

त्या घरासाठी एक काम तातडीने करावे. दुसरा एक्स-रे स्वच्छ आहे आणि पहिल्यातील सावली केसांची होती, असे साध्या मराठीत लिहून, सही-शिक्क्यानिशी तिच्या हातात द्यावे, आणि आशाताईंना सोबत घेऊन सासूबाई व नवरा यांच्यासमोर ते वाचून दाखवावे. तोंडी ‘काही नाही निघालं’ एवढ्याने वेगळी केलेली भांडी पुन्हा एकत्र येत नाहीत. खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे तिला असतील तर त्यांचा तपास मात्र स्वतंत्रपणे पुरा करावा. स्वच्छ एक्स-रे म्हणजे लक्षणे खोटी असा अर्थ होत नाही.

माझ्या कामाचा नियम मी विद्यार्थ्यांना नेहमी एका वाक्यात सांगतो: सावली दिसली की आधी त्या बाईकडे पाहा, मग फुप्फुसाकडे. तिच्या गळ्यात, केसांत, कपड्यांत, त्वचेवर काय आहे याची खात्री होईपर्यंत प्रतिमेतील कोणतीही नवी सावली शरीरावरच्या वस्तूची असू शकते असेच धरावे, आणि ही खात्री करणे हा निदानाचाच भाग आहे, ते मदतनिसाचे वरकाम समजू नये.

छातीच्या एक्स-रेत वेणीच्या खालोखाल गोंधळ स्तनांच्या सावलीमुळे होतो. दोन्ही बाजूंच्या खालच्या भागात पसरलेला धूसरपणा न्यूमोनियासारखा वाटतो. स्तनाच्या सावलीची खालची कड बरगड्यांच्या बाहेर, काखेच्या दिशेने जाताना दिसते आणि तिच्यामुळे हृदयाची किंवा डायफ्रामची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) कड पुसली जात नाही. खरा न्यूमोनिया त्या कडेला लागून असेल तर कड पुसट होते. एक स्तन कॅसेटवर (प्रतिमा टिपणारी प्लेट ज्यात असते त्या चपट्या पेटीवर) दाबला गेला आणि दुसरा सुटा राहिला, किंवा बाई किंचित वळून उभी राहिली, तर एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी दिसते. क्लॅव्हिकलची आतली टोके मणक्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का, एवढे पाहिले की वळण लगेच लक्षात येते. शस्त्रक्रियेने एक स्तन काढलेल्या स्त्रीची ती बाजू नेहमीच अधिक काळी दिसणार, म्हणून पूर्वीच्या शस्त्रक्रियेची नोंद मागणीपत्रावर असायलाच हवी. स्तन मोठे असतील तर ते वर आणि बाहेरच्या बाजूला सरकवून कॅसेटला टेकायला त्या स्त्रीलाच सांगावे. तंत्रज्ञाने हात लावण्याची गरज नसते, समोर उभ्या असलेल्या परिचारिकेने एकदा करून दाखवले की पुरते.

स्तनाग्राची सावली फुप्फुसातील गोल गाठीसारखी दिसते. ती बहुधा खालच्या भागात असते, तिची एक कड ठसठशीत आणि दुसरी विरून गेलेली असते, आणि अनेकदा दुसऱ्या बाजूलाही तिची जोडीदार सापडते, पण एकाच बाजूला दिसली म्हणून घाबरून सीटी स्कॅनसाठी नागपूर किंवा सेवाग्रामची वाट धरायला लावू नये. दोन्ही स्तनाग्रांवर चिकटपट्टीने धातूची बारीक खूण लावून पुन्हा एक्स-रे काढावा; सावली खुणेबरोबर जुळली तर प्रश्न तिथेच मिटतो, आणि जुळली नाही तर पुढे पाठवण्याला ठोस कारण मिळते. कृश, वयस्क स्त्रीचा एक्स-रे खाटेवर निजवून काढला तर पाठीच्या कातडीची घडी न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठल्याची) रेघ वाटू शकते. घडीच्या पलीकडेही फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात आणि घडी बहुधा बरगड्यांची हद्द ओलांडून बाहेर जाते. छातीत नळी घालण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हे दोन मुद्दे पाहायलाच हवेत.

श्वासाचेही तसेच. अर्धवट घेतलेल्या श्वासावर काढलेल्या प्रतिमेत हृदय मोठे आणि फुप्फुसाचे तळ धूसर दिसतात. डायफ्रामच्या वर मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा घेतला असे समजावे. ‘श्वास घ्या, रोखा’ हे कोरकू, गोंडी, कोलामी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला कळलेच असेल असे गृहीत धरू नये. तिच्या बोलीतील ते दोन शब्द कागदावर लिहून भिंतीला लावावेत आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी तिच्याकडून एकदा सराव करून घ्यावा.

आता आपल्या प्रश्नाचा अवघड भाग: दागिने आणि आडोसा. गळ्यातल्या गरसोळीचे काळे काचेचे मणी, सोन्याच्या वाट्या, त्यात अडकवलेल्या सेफ्टी पिना, दंडावरचा किंवा गळ्यातला ताईत, ब्लाउजचे हूक, जरीच्या काठाची धातूची तार, कुर्त्यावरचे टिकल्यांचे किंवा जाड रबरी छपाईचे काम, ब्लाउजमध्ये ठेवलेले पैशांचे पाकीट, या सगळ्यांची सावली पडते. धातू सहसा ओळखू येतो. फसवतात त्या मधल्या घनतेच्या वस्तू, म्हणजे मणी, रबरी छपाई आणि पदराच्या जाड घड्या. म्हणून कपडे बदलण्याला पर्याय नाही, आणि बायका त्याला नकार देतात असे म्हणण्यापूर्वी आपण त्यांना कपडे बदलण्यासारखी जागा दिली आहे का, हे पाहायला हवे. आतून कडी लागणारा दरवाजा किंवा जमिनीपर्यंत पोचणारा जाड पडदा, कपडे टांगायला खुंटी, रोज धुतलेला आणि अंगाला पुरेसा मोठा सुती गाऊन, ज्याला बटण-हूक काही नाही, फक्त सुती नाड्या आहेत: एवढे असले की नकाराचे प्रमाण फार कमी होते, हा माझा अनेक तालुक्यांतील अनुभव आहे. असे गाऊन गावातल्या बचत गटाकडून शिवून घेता येतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवता येतो. महिला तंत्रज्ञ नसेल तर परिचारिका किंवा आशाताई यांच्यापैकी एक जण तयारीच्या वेळी हजर राहील असा नेम करावा. यंत्र चालू होताना ती बाहेर येते, म्हणजे किरणांचा प्रश्न उरत नाही.

मंगळसूत्राबाबत जबरदस्ती कधीही करू नये आणि ‘असू द्या’ म्हणून सोडूनही देऊ नये. छातीच्या एक्स-रेसाठी ते उतरवावेच लागते असे नाही. अनेक ठिकाणी ते दातांत धरायला सांगतात; त्याने फुप्फुसे मोकळी होतात, फक्त हनुवटी खाली झुकून वरच्या टोकांवर येणार नाही याची काळजी घ्यावी लागते. ज्या तपासणीत उतरवणे अपरिहार्य आहे तिथे हळद लावलेला सुती दोरा आधी गळ्यात बांधावा आणि मग मंगळसूत्र काढावे. गळा क्षणभरही रिता राहत नाही, आणि सोबत आलेली सासू किंवा जाऊच पुष्कळदा तो दोरा बांधून देते. काढलेला दागिना कर्मचाऱ्याने आपल्या हातात घेऊ नये. बाईच्या सोबतिणीकडे द्यावा आणि तसे कागदावर लिहावे. दागिना हरवण्याची भीती हेही नकाराचे एक खरे कारण असते, आणि ते आपण फारसे विचारात घेत नाही. वेणीचे काम सर्वांत सोपे आहे: पिन किंवा क्लिप न वापरता कापडी फितीने केस डोक्याच्या वर बांधावेत. मानेवरचा अंबाडा पुरत नाही, कारण तोही वरच्या टोकांवर सावली टाकू शकतो.

पुन्हा एक्स-रे काढला तर किरणांचा त्रास होईल, ही भीती रुग्णालाच नव्हे, आपल्या सहकाऱ्यांनाही असते. छातीच्या एका पीए (किरण पाठीकडून छातीकडे जाणाऱ्या) एक्स-रेतून साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, तर निसर्गातूनच जगभरात माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळत असते. सकारण काढलेल्या दुसऱ्या प्रतिमेचा धोका क्षयावरच्या सहा महिन्यांच्या अनाठायी औषधांपुढे नगण्य आहे. गर्भ राहिल्याची शक्यता मात्र प्रत्येक वेळी, पहिल्या प्रतिमेआधी आणि दुसऱ्याही आधी, एकांतात विचारावी. सासूसमोर विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर पुरेसे मानू नये.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, फिरत्या गाडीतून आपल्याकडेही येऊ लागली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मॅमोग्राफीचे किरण कमी ऊर्जेचे, साधारण २५ ते ३२ किलोव्होल्टचे असतात, आणि त्यामुळेच त्वचेवरचा बारीक कणही त्यात उमटतो. चंद्रपूर-वर्ध्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात स्तनांच्या खाली आणि काखेत घामोळ्यांची पावडर लावलेली नसेल अशी बाई विरळा. अशा पावडरींपैकी अनेकींत, आणि खाजेच्या मलमांतही, झिंक ऑक्साइड असते. घामाचा वास रोखणाऱ्या द्रव्यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. हे कण प्रतिमेत कर्करोगाशी संबंधित असू शकणाऱ्या सूक्ष्म कॅल्शियम ठिपक्यांसारखे दिसतात. काखेच्या किंवा स्तनाखालच्या घडीत, त्वचेलगत, रेघेरेघेने बसलेले ठिपके दिसले की आधी साबण-पाण्याने तो भाग पुसून कोरडा करावा आणि तीच प्रतिमा पुन्हा घ्यावी. ठिपके गेले तर विषय संपला. उरले तर मोठी करून घेतलेली प्रतिमा दोन दिशांनी घ्यावी. बारीक गाठींत साचलेले कॅल्शियमयुक्त पाणी वरून घेतलेल्या प्रतिमेत पुसट डाग दिसते आणि बाजूने घेतलेल्या प्रतिमेत तळाशी बसून अर्धचंद्राकार होते, आणि हा बदलच ते निरुपद्रवी असल्याचे सांगतो. त्वचेतील ठिपक्यांसाठी त्वचेला स्पर्शरेषेत येणारी, म्हणजे किरण त्वचेच्या कडेला घासून जातील अशी, प्रतिमा घ्यावी लागते. हे सगळे होईपर्यंत अहवाल बायरॅड्स या स्तन-अहवालाच्या श्रेणीपद्धतीतील ० म्हणजे ‘तपास अपुरा’ असा द्यावा. संशयाची वरची श्रेणी देऊन बाईला बायोप्सीच्या (तुकडा काढून तपासण्याच्या) धास्तीत घरी पाठवणे योग्य नाही.

कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या हंगामात आपल्या भागातल्या हवेत तंतू आणि धूळ इतकी असते, की कॅसेटमधील इमेजिंग प्लेटवर ती बसतेच, आणि प्लेटवरची धूळ प्रतिमेत पांढरे ठिपके होऊन उतरते. इथे एक साधी कसोटी कामी येते: त्याच कॅसेटवर त्याच दिवशी काढलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या प्रतिमेत, त्याच जागी, तेच ठिपके आहेत का? असतील तर दोष प्लेटचा. प्रत्येक कॅसेटला क्रमांक देऊन तो नोंदवला नसेल तर ही कसोटी लावताच येत नाही, म्हणून क्रमांक आजच लिहावेत. प्लेट कंपनीने सांगितलेल्या द्रवानेच पुसावी, आणि सुट्टीनंतर पडून राहिलेली प्लेट वापरण्यापूर्वी एकदा इरेज करावी, नाहीतर आधीच्या प्रतिमेची किंवा साठलेल्या किरणांची छटा पुढच्या प्रतिमेवर येते.

पूर्व विदर्भात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, जरी ती काटेकोरपणे फसवी सावली नव्हे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. स्तनात मेलेल्या फायलेरिया कृमीभोवती कॅल्शियम साचले की नागमोडी, वळसे घेतलेल्या बारीक रेघा दिसतात. त्या दुधाच्या नलिकांच्या दिशेने, स्तनाग्राकडे जात नाहीत; कर्करोगाचे ठिपके पुष्कळदा त्या दिशेने जातात. तसेच छाती, दंड किंवा पाठीवर गोंदण असलेल्या स्त्रियांच्या काखेतील लसिका-गाठींत गोंदणाचा रंग साठून तो कॅल्शियमसारखा दिसू शकतो. म्हणून गोंदण कुठे आहे हे मागणीपत्रावर लिहावे. जुन्या क्षयाच्या गाठीही तिथेच कॅल्शियम धरतात, त्यामुळे मागच्या आजाराचाही प्रश्न विचारावा.

पोटाच्या एक्स-रेत मूत्रमार्गातला खडा म्हणून पाठवलेली एखादी पुसट वर्तुळाकार सावली दुर्बिणीतून केलेल्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची रिंग असू शकते. त्या सिलिकॉनच्या रिंगांत थोडे बेरियम मिसळलेले असते. ‘ऑपरेशन टाक्याचं झालं की दुर्बिणीचं?’ हा एक प्रश्न इथे पुरतो.

सोनोग्राफीत दागिन्यांचा त्रास नाही, पण तिच्या फसव्या प्रतिमा स्त्रियांच्या बाबतीत भावनिकदृष्ट्या फार जड असतात. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पोटाच्या अगदी मध्यरेषेवर प्रोब (अंगावर फिरवायचे सोनोग्राफीचे साधन) आडवा ठेवला, तर पोटाच्या दोन सरळ स्नायूंमुळे ध्वनिलहरी वळतात आणि एकच गर्भपिशवी दोन दिसते. जुळे आहेत असे सांगून पुढच्या वेळी एकच निघाले, तर ती स्त्री एक मूल गमावल्याचे दुःख घेऊन घरी जाते. दोन पिशव्या दिसल्या की प्रोब मध्यरेषेच्या बाजूला सरकवावा, नव्वद अंशांत फिरवावा, आणि शंका उरली तर तिच्या संमतीने योनिमार्गातून तपासणी करावी. गर्भाशयात बसवलेली तांबीही अशीच दोन दिसू शकते. स्तनाच्या सोनोग्राफीत चरबीचा कप्पा गाठीसारखा वाटतो. प्रोब फिरवल्यावर तो लांबत जाऊन शेजारच्या चरबीत मिसळला तर ती गाठ नव्हे. स्तनाग्रामागची काळी सावली प्रोबचा कोन बदलून आणि थोडा दाब देऊन हटते. पडद्यावर ठरावीक लयीत सरकणारे पट्टे आले तर अर्थिंग आणि स्टॅबिलायझर तपासावेत, विशेषतः त्याच जोडणीवर पाण्याची मोटर चालत असेल तर.

एमआरआयसाठी आपण रुग्ण बाहेर पाठवता, त्यामुळे तयारीचे काम गावातच सुरू व्हावे. तिथे प्रश्न केवळ प्रतिमेचा नसून जिवाचाही असतो. पायाची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतलेली असतात. आदल्या दिवशी साबण किंवा तेल लावून घरीच काढून यावीत. पिना, ताईत, धातूचे खडे असलेल्या टिकल्या घरीच ठेवाव्यात. काही काजळांत आणि डोळ्यांच्या रंगांत लोहाचे संयुग असते आणि त्याने डोळ्यांभोवतीची प्रतिमा विस्कटते, म्हणून डोळे स्वच्छ धुऊन जावे. तांबी असल्यास ती काढण्याची गरज नसते, पण तिथल्या तंत्रज्ञाला सांगणे आवश्यक आहे. गोंदण असलेल्या स्त्रीला, त्या जागी उष्ण वाटले तर हातातली घंटी लगेच दाबायची, हे तिच्या भाषेत सांगूनच पाठवावे.

आपल्या प्रतिमा दूरच्या शहरातील तज्ज्ञाकडे वाचनासाठी जातात. त्या तज्ज्ञाला आपली रुग्ण दिसत नाही, तिची वेणी दिसत नाही, फक्त सावली दिसते. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत तंत्रज्ञाने एक ओळ लिहावी: केस वर बांधले, गाऊन घातला, मंगळसूत्र काढले नाही, अमुक ठिकाणी गोंदण किंवा जखमेचा वण आहे. प्रतिमा पुन्हा घ्यावी लागली तर पहिली पुसून टाकू नये. दोन्ही पाठवाव्यात, आणि मधे काय बदलले ते लिहावे. विभागात एक साधी वही ठेवून पुन्हा काढलेल्या प्रत्येक प्रतिमेचे कारण त्याच दिवशी नोंदवावे, कोणाच्या नावाने नव्हे, फक्त कारण: वेणी, वळण, श्वास, पावडर, प्लेट. महिनाअखेरीस ती वही तंत्रज्ञ, परिचारिका आणि आपण एकत्र बसून वाचावी. ‘वेणी’ हे कारण सर्वाधिक वेळा आले असेल तर तयारीच्या खोलीत कापडी फिती ठेवलेल्या आहेत का, आणि त्या संपल्यावर नव्या कोण आणते, हे त्याच बैठकीत ठरवावे.